लाभ, दोन, तीन

बाप इतवारीत मापारी होता.
पायली ओतताना तो 'एक' म्हणत नसे,
म्हणायचा, लाभ.
मग दोन, मग तीन, एकाच सुरात,
आणि कुणी मधे बोललं
तर अख्खं पोतं उलटं करून पुन्हा पहिल्यापासून.
किलो आला तेव्हा म्हणे वर्षभर
त्यानं शेरात विचार केला आणि किलोत बोलला.
दोन्हींच्या फटीतून जे सांडायचं
ते चिमण्यांचं.

मी सोनेगावला विमानांत तेल भरतो.
एकतीस वर्षं. बाउजर माझा, नळी माझी,
हिशेब साहेबांचा.

आमचं मीटर लिटर मोजतं.
विमानाला लिटर कळत नाहीत, वजन कळतं.
त्यात मे महिना, नागपूर, सेहेचाळीस डिग्री:
तेल फुगतं, हलकं होतं,
लिटर तेवढेच दिसतात, तेल तेवढं नसतं.
उन्हाळ्यात माणसाचंही तसंच होतं म्हणा.

त्या दुपारी एक मालवाहू उतरलं,
औषधांची खोकी, टाकीचा काटा बंद.
पंखाखालची पट्टी ओढून मापलं, तीन हजार लिटर शिल्लक.
इंजिनिअर नवा, कौस्तुभ पिंपळापुरे. पोट्टा हुशार.
बाउजरच्या तापल्या पत्र्यावर कागद ठेवून
तीन हजार गुणिले एक पॉइंट सात सहा,
पाच हजार दोनशे ऐंशी.
लागतात नऊ हजार.
वजाबाकी. भागाकार. हातचा कुठेच चुकला नाही.
इतकं स्वच्छ गणित की कुणीही सही करावी.
कॅप्टननं केली.

"उद्धवराव, दोन हजार एकशे चौदा टाका."

टाकले.
मीटर थांबलं आणि वाटलं,
पाहुण्यानं पहिल्याच घासाला हात धुतला.

तेल चालू असेतो हातातलं बटण दाबून धरावं लागतं,
सोडलं की धार बंद.
या जातीच्या विमानाला, एवढ्या लांबच्या पल्ल्याला,
आठ हजारांच्या आसपास माझा अंगठा बधिर होतो.
हे कुठल्या पुस्तकात नाही.
त्या दिवशी अंगठा ताजातवाना होता.

नळी काढली. गुंडाळली नाही.
मी कोण? बारावी नापास.
कागद बरोबर आणि अंगठा चूक, असंही असेल.
ते चाकाखालचे ठोकळे काढायला निघाले.
माझ्या पोटात बाप पोतं उलटं करत होता.

"साहेब, ते एक पॉइंट सात सहा
किलोचं आहे की पाउंडाचं?"

कौस्तुभ हसला.
हसू निम्म्यात राहिलं.
हातातलं कार्ड त्यानं उन्हाकडे धरलं,
कुठल्या तरी भंगारात गेलेल्या विमानाचं कार्ड,
कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल,
आणि त्या गोलाखाली, पुसट,
आकड्याचं आडनाव.

कुणी काही बोललं नाही.
त्यानं पाणी मागितलं, माझ्याच बाटलीतलं प्यायला,
आणि पुन्हा गुणाकार. पॉइंट सात आठ.
दोनदा केला. मग कॅप्टनला करायला दिला.
अजून सहा हजार चारशे पंचवीस लिटर हवे होते.

भरले. अंगठा गेला.

रजिस्टरात यातलं काही नाही.
न घडलेल्या गोष्टीला रकाना नसतो.
पावत्या दोन झाल्या, एवढंच,
आणि ऑफिसातून विचारणा आली,
एका विमानाला दोन पावत्या का?

विमान वर्धा रोडवरून उचललं,
लहान होत गेलं, नेहमीसारखं.
ते कोणत्या गावावर कोरडं पडलं असतं?
पोराच्या भूगोलात नकाशा आहे.
काढला नाही.

जयताळ्याच्या घरी बायको डब्यात वाटी घालून उभी.
तांदूळ किती टाकू, विचारते.
दोन्ही हात टेबलावर ठेवून बसलो होतो,
एक माझा, एक अजून कुणाचा तरी.
म्हटलं, तूच टाक.
फक्त मोठ्यानं मोज.