पहिला नियम: नखं

पुठ्ठा चादरीच्या खोक्याचा, अक्षर माझं.
पियानोच्या वर, घड्याळाखाली,
बाबांचा फोटो झाकला जाऊ नये
अशा बेतानं टांगलेला.

नखं कापून येणे.
हात धुऊन येणे. शेंगाचटणी खाल्ली असल्यास
साबणाने, दोनदा.
फी पाच तारखेच्या आत.
चुकवलेला तास भरून मिळणार नाही
(गड्ड्याच्या आठवड्यात क्लास बंदच, कारणं शोधू नयेत).
पालकांनी पायरीवर बसावे, खिडकीतून डोकावू नये.
सहावा नियम उन्हानं पुसला.
काय होता, मलाही आठवत नाही,
पण तो मोडलेला कुणी अजून सापडलेला नाही.
घरी रोज अर्धा तास सराव.

प्रत्येक ओळीमागे कुणी ना कुणी आहे.
चटणीमागे हत्तुऱ्यांचा मल्लिनाथ,
त्याला मिशा फुटल्या, बेंगळुरूत नोकरी लागली,
माझ्या तीन पट्ट्या अजून तेलकट.
पायरीमागे कोठाडियाबाई.
लेक चुकली की बाहेरून ‘च्’ करायच्या
आणि लेक त्या ‘च्’वरच ठेका धरायची.

आणि मागच्या चैत्रात, दुपारी तीनला,
जेव्हा रेल्वे लाइन्समध्ये कुत्रंही सावली सोडत नाही,
दारात सुगुणा मेरगू.
हातात रिकामी पिशवी, अंगाला तंबाखूचा वास,
कारखान्यात माल देऊन परत निघालेली.
“मुलीला घालायचंय?”
“मुलगी नांदालीय हैदराबादला. मलाच.”

मी पुठ्ठ्याकडे बोट केलं.
तिनं वाचलं, ओठ हलवत, सावकाश,
मग उजवी तर्जनी पुढं धरली.
नख लांब, पिवळं, कडेला जरा चिरलेलं.
“विडीचं तोंड ह्यानंच मिटतंय बाई.
हे काढलं तर हजारी भरत नाही.”

बाबांनी मला छडीनं शिकवलं होतं.
एका नखासाठी त्यांनी
पाद्रीसाहेबांच्या मुलाला परत पाठवलं होतं,
आणि रविवारी त्याच पाद्रीसाहेबांसमोर
मान वर करून ऑर्गन वाजवला होता.
फोटोतून ते बघत होते.
मी म्हटलं, बसा.

टिक्.
चार बोटं सूर काढायची, पाचवं आधी टिक्.
टिक् आणि मग सूर,
जसं कुणी दार वाजवून आत यावं.
मला तो आवाज दाताखाली खडा आल्यासारखा लागायचा.
पियानो बाबांचा, पट्ट्या हस्तिदंती,
पुण्याहून ट्यूनर वर्षातून एकदा येतो
आणि दरवर्षी विचारतो, कधी विकताय.

सरावाचं विचारलं, तर म्हणाली,
सुपाच्या काठावर करते.
मांडीवर सूप, सुपात पानं,
शेजारणी विचारतात काय करालीस ग,
सांगते, बोटं झाडालोय.
फी सुट्या पैशांत, कधी तीन तारखेला,
कधी अठराला. अठराचं मी वहीत पाचच लिहिते.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी
वाजवून झालं तरी मी तशीच बसले होते.
काहीतरी राहिलं होतं.
मग लक्षात आलं.
तर्जनी बोडकी. नखाखालची कातडी
कधी ऊन न पाहिलेली, पांढरी.
“अहो, हे काय? आणि हजारी?”
“वाढतंय की. महिनाभर कमी भरंल.
एकदा तरी म्हटलं, नियमानं वाजवावं.”

मी रागावले. खरंच रागावले,
नियम मोडल्यावर कुणावर रागावले नसेन इतकी.
महिनाभराची फी नको म्हटलं,
तर तिनं पुठ्ठ्यावरचा तिसरा नियम दाखवला
आणि पैसे पट्ट्यांवर ठेवले.
एक नाणं दोन पट्ट्यांच्या फटीत गेलं.

ते अजून आतच आहे.
खालचा फा वाजला की किंचित खुळखुळतं.
ट्यूनर जानेवारीत येईल,
काढून देतो म्हणेल.