रिकामा हॉल, एक मिनिट

चोपन्न अंशांवर आठ तास.
भाकरीला याहून जास्त आच लागते,
पण जुन्या फितीचा चिकटा एवढ्यावरच सुकतो.
मी भट्टीचं दार लावते, कॉफी ओतते,
खोक्यावरची टिटवी अंगठ्याने पुसते.

कीव्हिट. हार्लेममधली कंपनी.
तबकडीच्या भोकाशेजारी तुरेवाली टिटवी, एका पायावर.
समुद्र उपसून ज्यांनी गाईंना चरायला जमीन केली
त्यांनी दुसरा कुठला पक्षी घ्यायचा?

गर्ब्रांट ओस्टरफेन आधी रेडिओचे व्हॉल्व्ह विकायचा,
मग मेणाच्या थाळ्यांवर व्हायोलिनं कोरू लागला.
युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात
लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते.
साच्यांचं तांबं शिपायांनी मोजून नेलं, पावतीसुद्धा दिली.
अकरा थाळ्या त्याने चादरींच्या घड्यांत लपवल्या.
वसंतात मोजल्या तेव्हा चार.
बाकीच्यांचं काय झालं, हे कंपनीच्या इतिहासात नाही.
घरात पाच मुलं होती, वीज नव्हती,
आणि मेण जळतं,
एवढंच मला ठाऊक आहे.

पुढचं सगळं कॅटलॉगमध्ये ओळीने छापलंय,
मोनो, स्टिरिओ, निळी मालिका, तपकिरी मालिका,
कंडक्टरांचे कपाळापर्यंतचे फोटो.
हे छापलेलं नाही:
शेवटची ट्राम गेल्याशिवाय सुरुवात करता यायची नाही,
चर्चमधले गरम पाण्याचे नळ टिकटिक करत
म्हणून तेही बंद.
पहाटे दोनला ओव्हरकोटातले साठ माणूस
कुणाच्या तरी उन्हाळ्याबद्दलची सिंफनी वाजवत,
आणि चेलोवाल्या बायका मोज्यांवर मोजे घालून.

वरच्या सज्जात हिस्के टेर्प्स्ट्रा.
गळ्यात फितीच्या माळा, दातांत पिवळी पेन्सिल,
हातात दाढीचं पातं.
तिरका काप, म्हणजे सांधा ऐकू येत नाही.
मंगळवारच्या सुराला गुरुवारचा सूर असा जोडायची
की वाजवणाऱ्यालाही कळू नये
आपण मध्ये दोन दिवस जगून आलो.

दुसरा ओबो लुबर्ट स्खोनेवेल्ट. त्याला खोकला.
संथ भागातच यायचा, नेमका.
ती कापायची. पण टाकायची नाही.
पंचावन्नपासून एकाहत्तरपर्यंत कापलेलं सगळं
तिने एका रिळावर चिकटवलं,
ते आज माझ्या भट्टीत आहे.

ऐकते.
खोकला. खुर्ची. खोकला.
पान उलटलं. कुणीतरी नाक शिंकरलं.
कंडक्टर म्हणतो, नॉख एन कीर, पुन्हा एकदा,
वैतागून, मग थकून, मग जवळजवळ मायेने.
खोकला, आता खोल, विहिरीत दगड टाकल्यासारखा.
मग बराच वेळ खोकलाच नाही
आणि ओबोच्या जागी कुणा पोराचं हसू.

रिळाच्या शेवटी हिस्केचा आवाज:
रिकामा हॉल, एक मिनिट.

प्रत्येक वेळी सगळे गेल्यावर ती एवढं घ्यायची,
दोन भागांच्या मध्ये लावायला.
नुसती कोरी फीत लावली तर माणूस दचकतो,
वाटतं यंत्र बंद पडलं, किंवा आपण.
म्हणून ग्रोनिंगेनच्या कुठल्याशा दिवाणखान्यात
शेगडीत कोळसा सारायला कुणी उठला
तर त्याच्या घरात तेवढा वेळ हे चर्च असायचं.
पैसे मात्र त्याने फक्त संगीताचे दिले.

कंपनी दोनदा विकली गेली.
टिटवी आधी मसुराएवढी झाली, मग बारकोडखाली गेली.
चर्चमध्ये आता चोवीस फ्लॅट आहेत,
वेदीच्या जागी लिफ्ट.

पडद्यावर रेषा जवळजवळ सपाट चाललीय.
नळ नाहीत, ट्राम नाही.
अठ्ठावन्नाव्या सेकंदाला रेषा जराशी फुगते.
तिने श्वास सोडला.
तो तिने कापलेला नाही.

मी कापायचा का, हे हिल्फर्सुमला लिहून विचारलंय.
सोमवारपर्यंत कळवतो म्हणाले.