बुटांसकट

आमच्या विमानतळाला भिंत नव्हती.
नदीकाठचं गवताळ मैदान, वारा दाखवायला
बांबूऐवजी लार्चच्या काठीवर एक फाटकी पिशवी,
आणि लाकडी खोलीत मी, अकुलिना,
शेगडी, वही, वजनकाटा.

विमान लहान, दुमजली पंखांचं,
अंडं घालायची जागा शोधणाऱ्या कोंबडीसारखं उतरायचं.
म्हणून सगळंच तोलायचं:
माणूस, गाठोडं, पोत्यातल्या गोठलेल्या दुधाच्या चकत्या.
पायलट प्रोकोपी विचारायचा, एकूण किती?
बायका काट्यावर चढताना श्वास रोखून धरायच्या.
फार्मच्या अध्यक्षाचं गावात केवढं वजन!
काट्यावर बासष्ट.
मी कुणाला बोलले नाही.

मग एका हिवाळ्यात विमान आलं नाही.
देश बदललाय, असं रेडिओ म्हणाला.
विमानाबद्दल काही म्हणाला नाही.
मी तीन आठवडे शेगडी पेटवून बसले,
नंतर लाकडं घरी नेली.

पन्नास मिनिटांचं अंतर चार दिवसांचं झालं.
माळ्यावरून बापाची घसरगाडी खाली आली,
तिच्या वाद्या उंदरांनी खाल्लेल्या.
तरण्या पोरांना घोडा जुंपता येईना,
म्हाताऱ्यांना अचानक भाव आला.
धावपट्टीवर घोडे बर्फ उकरून गवत खाऊ लागले
आणि खरं सांगते, तेवढं तरी बरं दिसलं.

न्युर्गुनने तीन घोडे विकून बर्फगाडी आणली.
घोडा घरची वाट ओळखतो, गाडी ओळखत नाही,
हे त्याला वादळात कळलं.
उजव्या हाताची दोन बोटं देऊन.
पुढच्या वर्षी गावात अकरा बर्फगाड्या होत्या.

आता नदी गोठली की नदीच रस्ता.
माझ्या छातीएवढ्या चाकांचे ट्रक येतात,
पीठ, डिझेल, दगडासारखी सफरचंदं.
उणे पन्नासात इंजिन बंद करत नाहीत,
बंद केलं तर वसंतातच सुरू व्हायचं.
रात्रभर दुकानामागे घुरघुर चालते,
आणि ट्रक गेले की गावाला झोप लागत नाही.

पण नदी हल्ली उशिरा ठरवते.
गेल्या वर्षी तिमिरचा ट्रक मधोमध खचला.
तो दारातून उडी मारून वाचला, अंगावर एकच बूट.
ट्रकचे दिवे मात्र बर्फाखाली बराच वेळ चालू होते.
आम्ही काठावर उभे राहून बघत होतो,
खालून पिवळा पडलेला बर्फ,
जसं कुणी तळघरात काही शोधतंय.
त्यात चार टन साखर होती.
मासे गोड लागतील, असं कुणीतरी म्हणालं.
हसलो. थंडीत जितकं हसता येतं तितकं.

महिन्यातून एकदा हेलिकॉप्टर येतं, हवा असली तर.
तिकीट फोनवर. फोनच विचारतो, वजन?
लोक वीस वर्षांपूर्वीचं सांगतात.

काटा मी घरी आणलाय. बटाटे तोलते.
वर्षातून एकदा, पहिला ट्रक आला की, स्वतः चढते:
एकाहत्तर, चौसष्ट, अठ्ठावन्न.
अशीच उतरत राहिले तर
प्रोकोपी मला टपालाच्या पिशवीत घालून नेईल,
असता तर.

काल शेजारचा केस्किल आला, सहा वर्षांचा.
काट्यावर उड्या मारल्या, वही मागितली.
शेवटचं पान उघडून अक्षरं लावत वाचू लागला:
नाव, साइना. वजन, अठ्ठेचाळीस, बुटांसकट.
कुठे, याकुत्स्क.
कोण ही?
माझी मुलगी.
त्याने पान उलटं करून पाहिलं, मागे कोरं.
परत कधी, ते कुठे लिहिलंय?

मी म्हटलं, आधी काट्यावरून उतर,
स्प्रिंग जुनी आहे.
तसा रकाना नव्हताच या वहीत.