पेवाच्या तोंडाशी

भूपाल मगदूम बावीस वर्षांनी हरिपुरात उतरला
तेव्हा खांद्यावर बॅटी ठेवायची लांबडी पिशवी होती.
आत सहा बासऱ्या.
एक आपली, पिवळ्या बांबूची.
एक जपानची, बांबू मुळासकट उपटून केलेली,
बुंध्याला मुळांच्या खुणा, देवीच्या व्रणांसारख्या.
एक तुर्कांची, बोरूची.
तसल्याच बोरूनं आमच्या आजोबांनी हळदीचे हिशेब लिहिले.
पुढच्या दोघींची नावं सांगितली, माझ्याजवळ राहिली नाहीत.
शेवटची हाडाची.
कुठल्या जनावराच्या, तेही त्यानं सांगून टाकलं,
आणि काकूंनी ती उंबऱ्याच्या आत घेऊ दिली नाही.
म्हणून ती माझ्याकडे, काट्याच्या खोलीत,
पावतीपुस्तकांवर.

मी पेवांचा माणूस.
नऊ उरलीत राखणीला.
बाकीची महापुरानं पोटात पाणी भरून मारली.

"एक रिकामं पेव दे. तासाभरासाठी."
म्हटलं, तोंड काढून दोन दिवस उघडं ठेवावं लागतं.
आत हवा कोंडलेली असते.
हळद तिथं वर्षं-वर्षं झोपते,
माणूस झोपला तर उठत नाही.
तो हसला नाही. दोन दिवस
तोंडाशी मांडी घालून बसला,
वाजवलं काहीच नाही.
पोरं जमली, कंटाळून गेली.
तिकडं डोंगरातल्या एका म्हाताऱ्यानं
आठ महिने नुसती फुंकर मारायला लावली होती, म्हणे.
सूर निघाला की म्हातारा मान हलवायचा: अजून नाही.
"आणि तू इथं फुकटात तेच शिकवतोयस."
मी कसलं शिकवतोय. मी हवा काढतोय.

संध्याकाळी संगमावर गेलो.
त्याला भीती, मी आता कृष्णा-वारणेचं काहीतरी बोलेन.
सगळेच बोलतात, सभेत, लग्नपत्रिकेत.
आधीच हात वर केला:
"माझ्याबद्दल लिहितात, हा सगळं एकत्र करतो.
मी नाही रे करत. मी एकीला दुसरीच्या घरी नेतो,
बसवतो, आणि चहा येईपर्यंत गप्प राहतो."
बाबालाल नावाडी पाण्यात पाय सोडून बसलेला.
म्हणाला, वारणा घोट्याला गार लागते,
त्या तिरक्या दगडापर्यंत.
फुडं मलाबी कळत न्हाई.
भूपालनं ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी कंदील सोडला.
दोर तळहातातून सरकत राहिला, वीसेक हात.
ज्योत खाली गेल्यावर जराशी बसली,
मग उभी राहिली.
तेव्हा तो उतरला, जपानी बासरी पाठीला बांधून.

बराच वेळ काही नाही.
आमच्या धंद्यात शांततेचा अर्थ एकच असतो.
दोर हलवला. खालून एकदा हलला.
मग माझ्या तळव्यांना कळलं, कानांना नंतर.
सूर नव्हता तो.
भरल्या पोत्यावरून कुणी हात फिरवावा तसं,
आणि पोतं म्हणजे हे सगळं, मी उभा होतो ती जमीन.
पेवानं त्याची फुंकर ठेवून घेतली
आणि सावकाश, तोलून, परत दिली.
मापाला थोडी जास्तच.
इतकी वर्षं त्याला भरताना बघितलं, उपसताना बघितलं,
बोलताना नाही.
शेजारच्यावर झाकण होतं, आत नव्वद पोती.
तेही, मला वाटतं, ऐकत होतं.

वर आला तेव्हा पापण्या पिवळ्या.
विचारलं, राग कुठला?
"बघू," म्हणाला. "ठरलं नाही अजून."
बासरीच्या भोकांभोवती हळदीची बोटं उमटली होती.
पुसली नाहीत.

जायच्या सकाळी काकू काट्याच्या खोलीशी आल्या.
आत आल्या नाहीत.
बाकीच्या पाचांना त्यांनी आठवड्यात गवसण्या शिवल्या होत्या,
जुनी इरकल फाडून, काठाला काठ जुळवून.
आता दारातूनच सहावी पुढं केली,
पावतीपुस्तकांकडे न बघता.
"ती एकटीच उघडी आहे," म्हणाल्या.
"थंडीचे दिवस."