उसनी कातडी

बावीस वर्षं एदिलेउझा माशांची कातडी सोलत आली.
धरणाकाठचा कारखाना, पांढरे गमबूट, डोक्याला जाळी.
शेपटाकडून एक चीर, मग चिमटीत धरून एकच ओढ,
सर्रकन्.
मांस पट्ट्यावर, कातडी निळ्या पिंपात.
पिंपाकडे तिनं कधी वळून पाहिलं नाही.

मग जूनमधल्या एका रविवारी
घेवड्याचा कुकर झाकण उडवून
तिच्या उजव्या हातावर आला.

फोर्तालेझाच्या आमच्या वॉर्डात डॉक्टरनं विचारलं, दुखतंय?
तिनं त्याला आईवरून शिवी दिली.
तो हसला. छान, म्हणाला, फार छान.
मनगटापाशी मात्र सुई टोचलेली तिला कळली नाही.
तिथं तो हसायचा थांबला.

शिकताना आम्हाला फळ्यावर थर काढून दाखवले होते,
केकसारखे.
तसं नसतं.
वर असते ती मेलेल्यांची रांग.
खाली एक जन्मतो, महिनाभर वर सरकत राहतो,
सरकता सरकता मरतो,
आणि मेल्यावर पहारा देतो.
आपण एकमेकांना हात लावतो
तो या मेलेल्यांच्या हातांनी.
जिवंत सगळं खाली : घामाच्या वेटोळ्या नळ्या,
गारवा ओळखणारी टोकं, चटका ओळखणारी वेगळी,
आणि केसांची मुळं, विहिरींसारखी खोल.

आग वरचं गाव जाळते.
विहिरीच्या तळाशी कुणीतरी उरतं.

मी फ्रिजमधून पट्ट्या काढल्या, धुतल्या.
खवले गेलेले, नक्षी तेवढी राहिलेली.
ओल्या भिंतीला कागद बसावा
तशी एकेक पट्टी तिच्या हातावर बसली.
ती बघत होती.
"तिलापिया," म्हणाली. "सातशे ग्रॅमचा असेल."

शनिवारी कारखान्यातल्या बायका आल्या,
चार तास बसनं.
लिंदाल्वानं चष्मा लावून कड तपासली :
शेपटाकडे फाटलीय बघ. त्या नव्या पोराचं काम.
सगळ्या हसल्या.
हसताना हात हलू नये म्हणून
एदिलेउझानं डाव्या हातानं खाट धरून ठेवली.

रात्री तिनं विचारलं,
दिवसाला किती पिंपं भरत असू गं आम्ही?
मी सलाईनचे थेंब मोजत राहिले.
उपकार फेडायचे तर लोक म्हणतात,
माझ्या कातड्याचे जोडे करून तुझ्या पायात घालीन.
बोलायची रीत.
माशाला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

अकराव्या दिवशी पट्ट्या वाळून
नारळाच्या सोडणासारख्या कडेनं उचलल्या.
व्हॅसलीन, धीर, माझी दोन बोटं.
खाली, विहिरींतून वर आलेली माणसं
कडेकडेनं सरकत एकमेकांना भेटली होती.
रंग नव्हता अजून. रंगवाले नेहमीच उशिरा येतात.
मनगटावर तिच्याच मांडीची कातडी लावावी लागली,
ती शिवण आता कायमची.

घरी जायच्या सकाळी खिडकीतून एक डास आला
आणि त्या गुलाबी हातावर बसला.
मी मारायला हात उचलला.

थांब, ती म्हणाली.
कळतंय मला.