अवघड जागा

सकाळपासून माझ्या दवाखान्याच्या दारात
चार कुत्रे वाऱ्याला पाठ देऊन बसलेत.
आत माजावर आलेली कुत्री नाही.
आत आहे तिसोन, वय वर्षं नऊ,
मेंढरं वळणारा काळा नर.

नोल्बेर्तो नावेल्किननं त्याला खोगिरावर आडवा टाकून आणलाय.
"डॉक्टर, ह्याच्यावर दुसरे कुत्रे चढतात.
गडी खिदळतात. म्हणतात,
कुत्रा मालकावर गेलाय."

दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेलेले,
जणू कुणी मोजून कातरलेत.
सड सुजलेले, पिल्लं पाजणारीसारखे.
शेपटीखाली हात घालते:
एकच, तेही सुकल्या जर्दाळूएवढं.
"दुसरं कधी उतरलंच नाही."
ते मला पोटात लागतं, मुठीएवढं, घट्ट.
नऊ वर्षं नको त्या उबेत बसून
आता मादीचा रस गाळणारं.

मी सांगते, जसं सगळ्यांना सांगते:
पिल्लू पोटात असतं तेव्हा वृषणं मूत्रपिंडापाशी असतात,
मग खाली यायला निघतात.
एखादं वाटेतच राहतं.
राहिलेल्याला गाठीचं भय जास्त.
"कुत्र्यात?"
कुत्र्यात. माणसातसुद्धा.

तो टोपी काढतो, पुन्हा घालतो.
"म्हणजे खच्ची करणार?"

शब्द त्याच्या रोजच्या तोंडचा.
दर डिसेंबरात तो दिवसाला दोनशे कोकरं खच्ची करतो,
संध्याकाळी तेच निखाऱ्यावर, वर मीठ.
निरोगी अंड हाताला कसं लागतं
हे ह्या खोऱ्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.
आज मात्र तो शब्द अर्ध्यात गिळतो.

रात्री गाठ वजनकाट्यावर ठेवली:
तीनशे चाळीस ग्रॅम.
नोल्बेर्तो चुलीत लाकूड सारत होता, सारतच राहिला.
"डॉक्टर, तुम्ही माणसांचं..."
नाही.
"माहीत आहे."
केटली उकळून खाली बसली.
"माझंही एकच आहे. दुसरं इथं, जांघेत.
गेल्या हिवाळ्यापासून खडा झालाय."

वय एकतीस.
अवघड जागेचं दुखणं, आणि गावात वैद्य कोण,
तर गुरांची, त्यातून बाई.
मी हात लावला नाही.
माझा परवाना मेंढरांपुरता.
हात धुतले, गाडीत डिझेल भरलं.

कॉक्रेनहून कोयाइके सात तास, निम्मा रस्ता खडीचा.
मागच्या सीटवर तिसोन, गळ्यात तळ कापलेली बादली,
प्रत्येक खड्ड्याला नोल्बेर्तो त्याचे टाके हातानं धरायचा.
स्वतःचं काही बोलला नाही.
नदी बराच वेळ निळी होती, मग दिसेनाशी झाली.

इस्पितळातला डॉक्टर कोवळा, सांतियागोचा.
कागद बघून म्हणाला, रक्तात एक संप्रेरक वाढलंय,
एरवी गरोदर बायकांमध्ये सापडतं.
नोल्बेर्तो हसला.
इतका हसला की नर्स दारात आली.
"गडी चुकले, डॉक्टर," तो मला म्हणाला,
"मालक कुत्र्यावर गेलाय."

जांघेतून चीर, चार बोटं.
गाठ वेळेत मिळाली, म्हणाले. तपासण्या पाच वर्षं.
भूल उतरताना त्यानं आधी कुत्र्याचं विचारलं.

डिसेंबरात मला मेंढवाड्यावर बोलावलं.
सुरी ह्या वर्षी दुसऱ्याच्या हातात होती,
नोल्बेर्तो नुसती कोकरं धरत होता.
रात्री निखाऱ्यापाशी त्यानं सगळं सांगितलं,
जागेचं नाव घेऊन, चीर दाखवून.
कुणी खिदळलं नाही.
कुणी काही विचारलंही नाही.
थाळीतली भाजलेली अंडं तशीच गार झाली.

पण त्या रात्री परसाकडच्या खोलीची कडी
एकामागून एक लागत राहिली,
आणि जो तो आत जरा जास्तच वेळ रेंगाळला.
म्हातारा ओस्वाल्दोसुद्धा, कंदील घेऊन.

दाराबाहेर तिसोन झोपला होता.
कुशीवर नवे केस, आखूड, राखाडी.
बाकीचे कुत्रे त्याला ओलांडून
मेंढरांकडे गेले.