बावीस पुरुष खोल

पापा थेमेलिस अथेन्सहून शिकून आला
तेव्हा त्याची दाढी विरळ होती
आणि जिभेवर एक नवा शब्द होता: थिओसिस.
सहा ऑगस्ट. डोंगरावर ख्रिस्ताचा चेहरा उजळला, तो सण.
देवळात द्राक्षांवर प्रार्थना म्हणून झाली होती,
त्यातला एक घोस घेऊन तो आमच्याकडे आला.
देऊळ चढावर. बाबा खुर्चीत.

बाबांचे पाय गेले बेंगाझीच्या समुद्रात,
बावीस पुरुष खोल, स्पंज कापताना.
वर वारं फिरलं, कप्तान घाबरला,
दोर भराभर ओढला.
रक्ताला फेस आला, असं डॉक्टरने सांगितलं.
आई सांगायची, पाय खालीच विसरलाय,
आणायला आता कोण जातंय.

“साकेलारी,” पापा म्हणाला,
“तो खाली उतरला तो आपली खुशाली विचारायला नव्हे.
आपल्याला वर न्यायला.
माणूस देव होणार आहे.
स्वभावाने नाही, कृपेने.”

बाबांनी एक द्राक्ष खाल्लं, बी थुंकली.
“मग त्याला सांग,” ते म्हणाले,
“दोर हळू ओढ.”

पापा हसला नाही.
त्याचं हे मला आवडलं.

मी उंबऱ्यात बसून स्पंज कातरत होते.
कडा गोल असल्या तरच कुल्लियास शेठ पैसे देतो.
बाबांनी माझ्या टोपलीतला एक उचलला.
“हा वर येतो तेव्हा काळा असतो,
चामड्यासारखा, कुजक्या वासाचा. जिवंत जनावर.
डेकवर आम्ही त्याला अनवाणी तुडवायचो,
आतलं दूध संपेस्तोवर,
मग दोरीत ओवून रात्रभर समुद्रात सोडायचो.
त्याच समुद्रात, ज्यातून काढला.
पॅरिसच्या बायका तोंड पुसतात
ती सोनेरी मऊ वस्तू फार नंतरची.”

“म्हणजे तुडवणं हीच कृपा?”
“मला काय माहीत. मी तुडवणारा.
स्पंजाला कुणी विचारलंय?”

मग त्यांनी तो बादलीत टाकला.
“मीठ टाकलं तर मीठ उरत नाही.
हा उरतो. भोकाभोकांत पाणी, तरी स्पंजच.”
पापा वाकून बघत राहिला.
अथेन्समध्ये हेच त्याला
बरेच लांब शब्द वापरून शिकवलं असणार.

त्या शेवटच्या बुडीतला स्पंज
वर आले तेव्हा बाबांच्या मुठीतच होता.
आईने त्याने आम्हा चौघांच्या पाठी घासल्या.
पापाने मागितला तेव्हा तिने अर्धा कापून दिला.
अर्धा वेदीवर गेला,
पवित्र भाकरीचे कण टिपायला,
पडद्याआड, जिथे बायकांना जाता येत नाही.
“म्हणजे बाबा आत आणि मी बाहेर,” मी म्हणाले.
पापाला उत्तर सुचलं नाही.

फेब्रुवारीत बाबा गेले.
रात्रभर आई उरलेल्या अर्ध्याने
त्यांचे ओठ ओले करत होती.
सकाळी आम्ही त्यांना वाईनने पुसलं, तशी रीत आहे.
पाय माझ्याकडे आले.
एकवीस वर्षं ते धोंड्यासारखे होते,
खुर्चीतून पलंगावर न्यायला आम्ही दोघी लागायचो.
त्या दिवशी मी एकटीने उचलले.

आजारपणात माणूस झडतो, मला कळतं.
तरी पापाला बोलावून म्हटलं, उचलून बघ.

त्याने उचलले.
धरून उभा राहिला.
शब्द होता त्याच्यापाशी, पण काढला नाही.
झग्याच्या बाहीला वाईन लागली होती,
ती धाग्याधाग्याने वर चढत होती
कोपराकडे, सावकाश.